आठवण एकाची, घर नऊ जणांचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अमेरिकेतल्या एका मोठ्या कुटुंबावरच्या आठवणींच्या पुस्तकाबद्दल पानभर लेख दिलात. आईवडील वेगवेगळ्या वंशांचे, घरात भरपूर मुलं, आणि त्यातल्या एकानं मोठेपणी लिहिलेलं बालपण. लेख मी दोनदा वाचला, मग धाकट्या बहिणीला फोनवर वाचून दाखवला, आणि तेव्हापासून मनात जे चाललंय ते लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून हे पत्र. लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त भावंडांबद्दलचा भाग कापू नका.

लेख चांगलाच होता. तिथं १९६७ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हासुद्धा १६ राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न हा गुन्हा होता, आणि २००० च्या जनगणनेपर्यंत माणसाला एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची सोयच नव्हती, हे तुम्ही छापलंत ते बरं केलंत, लोकांना माहीत नसतं. पण वर मोठ्या अक्षरात मथळा दिलात ‘दोन जगांच्या मधे अडकलेली मुलं’ आणि तिथं मी अडले. कारण मी अशाच घरातली आहे. आम्ही नऊ भावंडं, पाच बहिणी चार भाऊ, मी सातवी. आई राजापूर तालुक्यातली, वडील माझगावात जन्मलेले चिनी, त्यांचे वडील कँटनच्या बाजूनं सुतारकामाला जहाजानं मुंबईत आले ते इथलेच झाले. आणि मी शपथेवर सांगते, त्या दोन खोल्यांत आम्हाला कधीही ‘मधे’ असल्यासारखं वाटलं नाही. नऊ मुलं, आईबाबा आणि आजी, म्हणजे बारा माणसं एका छताखाली असली की मधे कोण उरतं? तेच एक जग असतं, तिथले नियम असतात, भांडणं असतात आणि तिथली एक भाषा असते. बाहेरच्या कुणाला ते दोन तुकडे जोडल्यासारखं दिसत असेल, आम्हाला जोड कधी दिसला नाही.

उदाहरण सांगते. आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, आम्ही ‘मामा’ म्हणायचो. कँटनी भाषेत बापाच्या आईला तसंच म्हणतात, फक्त सूर खाली ठेवून. शाळेत जाईपर्यंत आम्हाला ते विचित्र आहे हे माहीतच नव्हतं. शाळेत बाई म्हणाल्या मामा म्हणजे आईचा भाऊ, तर माझ्या मागच्या बहिणीनं घरी येऊन आजीला विचारलं की तू आईचा भाऊ आहेस का. आजीला मराठी बेताचंच, तिनं मान डोलावली आणि हातावर साखर ठेवली. आम्ही लपाछपीत यात, यी, साम असं मोजायचो आणि पकडलं की ‘राज्य तुझ्यावर’ म्हणून ओरडायचो. चारला आजी अडायची, कारण तिच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ सारखा, म्हणून चौथ्या बहिणीला ती कधी चौथी म्हणाली नाही, ‘पाचच्या आधीची’ म्हणायची, आणि ती बहीण आज ७५ वर्षांची आहे तरी आम्ही तिला तेच म्हणतो.

आणि पेज. आई उकड्या तांदळाची पेज करायची, मीठ, वर सुका बोंबील भाजून. आजी तांदूळ फुटून एकजीव होईपर्यंत तासन्‌तास शिजवायची, त्याला जुक म्हणायचं, आल्याची बारीक काडी आणि वर सुकी मासळी. दोन्ही पातेली एकाच स्टोव्हवर आळीपाळीनं. कुणी आजारी पडलं की दोघींत चुरस, कुणाची पेज पोटात जाते. आईनं आजीकडून आलं उचललं आणि आजीनं आईकडून बोंबील उचलला, आणि पुढं पुढं ते पातेलं एकच झालं. त्याला नाव नव्हतं, आम्ही नुसतं ‘भात’ म्हणायचो. आज हॉटेलात फ्यूजन म्हणून काय काय मिळतं, ते मी नाकारत नाही, पण आमच्याकडे ते स्टोव्हचं रॉकेल वाचवण्यातून झालं, हे कुणी लिहिणार आहे का?

आजोबांना वर्षातून दोनदा जेवण मिळायचं. एप्रिलच्या सुरुवातीला चिंग मिंगला, म्हणजे चिनी लोकांच्या पितरांच्या सणाला, अँटॉप हिलच्या चिनी कबरस्तानात, तिथं सगळे मिळून गवत काढायचं, उदबत्त्या लावायच्या, जेवण मांडायचं. आणि सर्वपित्रीला आई पान वाढून गॅलरीत ठेवायची, कावळा शिवेपर्यंत आजी आईच्या शेजारी उभी राहायची, एक अक्षर न बोलता. त्या दोघींनी यावर कधी चर्चा केल्याचं मला आठवत नाही. एकीनं दुसरीची पद्धत बघितली आणि मान्य केली, एवढंच.

मग प्रश्न कुठून आला? बाहेरून आला, आणि तो सगळ्यांना सारखा आला नाही. माझ्या पत्रातला मुख्य मुद्दा हाच आहे संपादक साहेब, म्हणून नीट लिहायचा प्रयत्न करते. मोठ्या मिक्स कुटुंबात प्रत्येक मुलाचा चेहरा वेगळा पडतो. आमची थोरली ताई सावळी, आईचं नाक, आईचे डोळे, नऊवारी नेसली तर राजापूरची वाटेल. तिच्या पाठचा दादा म्हणजे वडिलांचा साचा. दोघांत वर्षाचं अंतर, एकाच ताटात जेवलेले. पण रस्त्यावर उतरले की ताई एका मुंबईत चालायची आणि दादा दुसऱ्या. ताईला कुणी कधी विचारलं नाही तू कुठली. दादाला माझगावात जन्मून, माझगावात वाढून, रोज विचारलं गेलं. मी दिसायला दोघांच्या मधली, माझ्याकडे बघून लोक नेपाळी का, आसामी का विचारतात, आजही, आणि मी माझगाव म्हटलं की ‘नाही, मूळच्या कुठल्या’ म्हणतात.

१९६२ साली मी सहा वर्षांची. २० ऑक्टोबरला चीनशी लढाई सुरू झाली आणि आठवडाभरात दिवाळी आली. त्या दिवसांत शाळाशाळांतून संरक्षण निधी गोळा होत होता, बायकांनी अंगावरचं सोनं दिलं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्या ताईनं तिची एकुलती एक सोन्याची बांगडी वर्गात काढून दिली, बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं. त्याच आठवड्यात दादाला गल्लीच्या तोंडाशी दगड लागला, कपाळावर, खूण अजून आहे. पंधरा वर्षांची बहीण आणि चौदा वर्षांचा भाऊ, एकाच बापाची मुलं. आता मला सांगा, ताईनं आठवणी लिहिल्या तर १९६२ म्हणजे अभिमान आणि दादानं लिहिल्या तर १९६२ म्हणजे दगड, आणि दोन्ही शंभर टक्के खरं. एकाचं पुस्तक छापून ‘त्या कुटुंबाची कहाणी’ म्हणायचं म्हणजे दुसऱ्याला पुसून टाकायचं.

कायद्याबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण नव्या पिढीला हे कुणी शिकवत नाही. आपल्याकडे अमेरिकेसारखी वंशावरून लग्नबंदी नव्हती, पण १९६२ च्या शेवटी कायद्यात असा बदल झाला की आक्रमण करणाऱ्या देशाचा नागरिक स्वतः माणूस असो, त्याचे आईबाप असोत नाहीतर आजीआजोबांपैकी एक जण कधीकाळी असो, त्याला परदेशी नागरिकांचे नियम लावता येतील. आजोबांपैकी एक जण! म्हणजे मुंबईत जन्मलेले आमचे वडील त्यात आले, आणि ज्यांची आई राजापूरची ती आम्ही नऊच्या नऊ मुलंही आलो. बारा माणसांच्या घरात बाहेर राहिली ती फक्त आई. वडिलांना चौकीत हजेरी, गावाबाहेर जायचं तर परवानगी. त्याच काळात मुख्यतः आसाम-बंगालमधली जवळपास ३००० चिनी वंशाची माणसं रेल्वेनं राजस्थानात देवळीच्या छावणीत नेली गेली, त्यात म्हातारी होती, तान्ही मुलं होती, काहींची तिथं वर्षानुवर्षं गेली. आमच्या घरचं कुणी तिथं गेलं नाही, पण दार वाजलं की आई आधी उठायची, आम्हा सगळ्यांना मागं सारून. बोलायचं असेल ते माझ्याशी, असं तिचं उभं राहणं. आई चौथी शिकलेली होती.

वडिलांचं काम त्याच हिवाळ्यात सुटलं. ते सुतार, जहाजांच्या आतलं लाकूडकाम करणारे, हात असा की खिळा दिसायचा नाही. मग घरीच काम करायला लागले, आणि काय करायला लागले तर देव्हारे. लालबाग, घोडपदेव, काळाचौकी इथल्या बायका आईच्या ओळखीनं ऑर्डर द्यायच्या. पाट, चौरंग, मोदकाचे लाकडी साचे. ज्या गल्लीत दादाला दगड लागला त्याच गल्लीतल्या दोन घरांत वडिलांनी केलेला देव्हारा आजही आहे, एक मी गेल्या गणपतीत जाऊन बघून आले, कळसाला हात लावला तर अजून गुळगुळीत. त्या घरातल्या सूनबाईंना तो कुणी केला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला आत बसवून चहा दिला आणि मुलांना बोलावून देव्हारा पुन्हा दाखवला.

शाळेचे दाखले हा आणखी एक विषय. आम्हा नऊ जणांच्या दाखल्यांवर धर्म-जातीच्या रकान्यात चार वेगवेगळ्या नोंदी आहेत. ताईच्या दाखल्यावर हिंदू, दादाच्या दाखल्यावर चायनीज, दोघींच्या बौद्ध, बाकीच्यांच्या, म्हणजे माझ्याही, नुसती आडवी रेघ. ज्या दिवशी नाव घालायला आई शाळेत गेली त्या दिवशी आईनं सांगितलं ते, वडील शाळेत गेले तेव्हा त्यांनी सांगितलं ते, आणि कधी कारकुनानं मुलाच्या तोंडाकडे बघून ठरवलं ते. पुढं लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी या रेघेनं किती खेटे घालायला लावले ते एक वेगळं पत्र होईल. आणि हे आमचंच नाही. शेजारच्या वाडीत आई अँग्लो-इंडियन, बाप मराठी ख्रिश्चन असं घर होतं, सहा मुलं, घरात इंग्रजी, नाताळात घरचा केक आम्हाला यायचा. राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमात अँग्लो-इंडियनची व्याख्या फक्त बापाकडच्या वंशावर आहे, त्यामुळे ती मुलं आईसारखी दिसून, आईसारखी बोलून कायद्यानं अँग्लो-इंडियन नव्हती. आमच्या मुंबईत अशी घरं किती होती, भायखळ्यात, माझगावात, डोंगरीत. गोदीनं आणि रेल्वेनं जगभरची माणसं आणली, त्यांनी इथं संसार केले, आणि ही गोष्ट आपण अमेरिकेतल्या पुस्तकातून वाचतो.

आता एक कागद सांगते, ज्याच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. आईबाबांचं लग्न १९४६ मधलं, माझगावच्या सी यप कून देवळात, नवाब टँक रोडवरचं ते लाल रंगाचं जुनं चिनी देऊळ, १९१९ सालचं, अजूनही आहे. वरच्या मजल्यावर क्वान कुंग देवासमोर दोघांनी वाकून नमस्कार केला, मग एकमेकांना हार घातले, झालं लग्न. आईच्या माहेरचं कुणी आलं नाही. कागद काही नाही. मग १९५४ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट आला, १ जानेवारी १९५५ पासून लागू, आणि त्यात एक फार चांगली तरतूद आहे, आधीच कुठल्याही पद्धतीनं लग्न करून एकत्र राहणाऱ्या जोडप्याला ते लग्न रजिस्टर करता येतं, आणि त्या लग्नानंतर झालेल्या मुलांची नावं त्याच सर्टिफिकेटच्या पुस्तकात लिहायची, म्हणजे ती मुलं पहिल्यापासून औरस धरली जातात. वडिलांना हे एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं. १९५५ च्या शेवटी, मी आईच्या पोटात असताना, दोघं रजिस्ट्रारकडे गेले, सहा मुलांना आंघोळी घालून बरोबर नेलं, ताई आठ वर्षांची, तिला अजून आठवतं की बाकावर सगळ्यांना उंचीनुसार बसवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी त्या नोंदीची नक्कल काढली. शाईनं लिहिलेली सहा नावं, एकाखाली एक. एका नावाचं स्पेलिंग चुकलंय. मी त्यात नाही, माझ्या पाठचे दोघं नाहीत, पण मी तो कागद हातात घेऊन तिथल्या जिन्यावर बराच वेळ बसले होते, कारण आमची एवढी नावं एका पानावर एकत्र आलेला सरकारी कागद तोच एक. बाकी सगळे कागद आम्हाला वेगळं वेगळं करत गेले.

त्या दिवशी ठरवलं की आपणही लिहायचं, पण एकटीनं नाही. नऊपैकी आज सहा आहोत. दादा १९७० नंतर टोरांटोला गेला, तिथं भारतातून गेलेली बरीच चिनी कुटुंबं आहेत, त्याचा मुलगा त्याला व्हॉइस नोट रेकॉर्ड करून देतो. ताई डोंबिवलीला, तिला लिहून काढायला आवडतं, शाळेच्या वहीत. बाकीचे व्हॉट्सअपवर. आणि पहिल्या महिन्यातच भांडणं. १९६२ साली आजोबांना गावाहून आलेली चिनी पत्रं होती, एक पत्र्याचा डबाभर. त्यांचं काय झालं? दादा म्हणतो वडिलांनी रात्री स्टोव्हवर एकेक करून जाळली, त्यानं वास घेतलाय. ताई म्हणते आईनं तांदळाच्या डब्यात तळाशी लपवली आणि नंतर पावसाळ्यात कसर लागून गेली. पाचच्या आधीची म्हणते आजीनंच फाडली, कारण तिनं मामाच्या, म्हणजे आजीच्याच, पदरात तुकडे बघितले. आणि आईचा खरा भाऊ, आमचा राजापूरचा मामा, लग्नानंतर पहिल्यांदा दारात आला तो १९६२ च्याच भाऊबीजेला की पुढच्या, यावर दोन भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. मला स्वतःला एवढंच आठवतं की तो आला, आईनं ओवाळलं, आणि ओवाळून झाल्यावर तो आत न बसता जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत, संध्याकाळपर्यंत. आजीनं त्याला तिथंच वाटीतून जुक नेऊन दिलं.

मी आधी विचार केला होता की सगळ्यांचं ऐकून त्यातलं खरं काय ते ठरवायचं आणि एक सलग कहाणी करायची. आता तो विचार सोडलाय. पत्रांचं तिघांनी सांगितलं ते तिन्ही तसंच छापायचं, एकाखाली एक, कुणाचं वय तेव्हा किती होतं आणि तो कुठे झोपायचा ते लिहून. कारण दादा स्टोव्हजवळ झोपायचा. ताई आईजवळ. पाचच्या आधीची आजीजवळ.

म्हणून माझी तुम्हाला विनंती अशी, की अशा घरांतल्या आठवणींच्या पुस्तकावर पुढच्या वेळी लिहाल तेव्हा लिहिणाऱ्याच्या भावंडांनाही विचारा, निदान त्यांची संख्या आणि त्यांचं म्हणणं यासाठी चार ओळी ठेवा. आणि पुरवणीत जमलं तर एक कोपरा मुंबईतल्या अशा घरांसाठी द्या, एका घरातल्या दोघांनी एकाच दिवसाबद्दल लिहायचं, बस. वयं झालीत, आमच्याच घरातले तिघं गेले आणि त्यांची १९६२ ची गोष्ट कुणी विचारलीच नाही.

पत्राखाली माझं नाव छापू नका. आमच्यात ठरलंय की सहाही जणांनी हो म्हटल्याशिवाय नाव बाहेर द्यायचं नाही. पाच जणांचा होकार आलाय, ताईनं तर वहीवर सही करून पाठवली. दादाचा अजून यायचाय.

आपली,
एक वाचक, माझगाव, मुंबई १०